मडगाव रेल्वे स्टेशन आणि तिथून पुढचा प्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, पुणे, बेळगाव, रत्नागिरीहून येणारे लोक आम्हाला जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. गाड्यांच्या वेळा बदलत राहतात, त्यामुळे मिनिटांचे वेळापत्रक इथे मिळणार नाही. ते निघायच्या आदल्या दिवशी १३९ वर किंवा रेल्वेच्या ॲपवर बघावे.

गोव्यात मेट्रो किंवा भुयारी रेल्वे आहे का?

नाही. मुंबईसारखी दर पाच मिनिटांनी येणारी लोकलही नाही. गोव्यात रेल्वेचे दोन मार्ग आहेत. एक कोकण रेल्वेचा, पेडण्यापासून लोलयेपर्यंत उत्तर-दक्षिण जाणारा. दुसरा दक्षिण-पश्चिम रेल्वेचा, वास्कोहून कुळेमार्गे घाट चढून लोंढ्याला जाणारा. दोन्ही मार्ग मडगावात भेटतात, म्हणून त्याला जंक्शन म्हणतात. वास्को-कुळे पॅसेंजर ही त्यातल्या त्यात स्थानिक गाडी. तिकीट स्वस्त, पण फेऱ्या मोजक्या.

गोव्याला जायचे म्हणजे तिकीट मडगावचेच काढायचे ना?

बहुतेक जण तेच करतात आणि निम्म्या वेळा ते चुकीचे ठरते. आपण कुठे राहणार आहोत ते आधी ठरवा, मग स्टेशन.

म्हापसा, कळंगुट, हणजूण या भागात जायचे असेल तर थिवीला उतरा. म्हापसा तिथून साधारण बारा किलोमीटरवर आहे. हरमल, केरी, मांद्रेकडे जाणाऱ्यांना पेडणे जवळ, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या कमी, म्हणून त्यांनाही पुष्कळदा थिवीच सोयीचे. पणजी आणि जुने गोवे यांच्यासाठी करमळी. पाळोळे, आगोंदसाठी काणकोण; मंगळूर-केरळकडच्या काही गाड्या तिथे थांबतात आणि पाळोळ्याचा किनारा स्टेशनपासून अगदी जवळ आहे. मडगाव खरे उपयोगाचे ते कोलवा, बाणावली, केपे, कुंकळ्ळी, सांगे, फोंडा आणि मडगाव शहर यांना.

मुंबईहून येताना पेडणे, थिवी, करमळी आधी लागतात आणि मडगाव शेवटी. कळंगुटला जाणारा माणूस मडगावला उतरला तर आलेल्या वाटेने अर्धा गोवा पुन्हा उलटा ओलांडतो आणि रेल्वेच्या तिकिटाच्या कितीतरी पट पैसे टॅक्सीला देतो. मडगावचे तिकीट हातात असूनही थिवीला उतरता येते, त्याला हरकत नाही. फक्त उरलेल्या अंतराचे पैसे परत मिळत नाहीत.

याला एक अपवाद आहे. थिवी आणि करमळी ही गावाबाहेरची, शांत स्टेशने. तिथे गाडी रात्री उशिरा पोचत असेल आणि न्यायला कोणी येणार नसेल, तर मडगाव बरे. तिथे निदान उजेड, माणसे आणि वाहन असते.

प्रत्येक गाडी प्रत्येक स्टेशनला थांबत नाही हेही ध्यानात ठेवा. मुंबई-मडगाव वंदे भारत थिवीला थांबते, करमळीला थांबत नाही.

तिकीट काढताना स्टेशनांची सांकेतिक अक्षरे कोणती?

मडगाव एमएओ, करमळी केआरएमआय, थिवी टीएचव्हीएम, काणकोण सीएनओ, वास्को व्हीएसजी.

मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा… कुळदेवतेच्या दर्शनाला कुठे उतरावे?

फोंडा तालुक्यातल्या देवळांसाठी मडगाव. नकाशावर मंगेशी आणि म्हाळसेचे म्हार्दोळ करमळीला जवळ दिसतात आणि आहेतही, पण करमळीहून तिकडे जायला बसची सोय नाही म्हटले तरी चालेल. मडगावच्या कदंब (गोव्याची सरकारी बससेवा) बसस्थानकावरून बोरीच्या पुलावरून फोंड्याला जाणाऱ्या बसेस दिवसभर सुटतात. अंतर वीस किलोमीटरच्या आसपास. कवळेची शांतादुर्गा आणि रामनाथी फोंडा शहराला लागूनच, तिथून रिक्षाने दोन्ही होतात. मंगेशी आणि म्हाळसा फोंडा-पणजी रस्त्यावर आहेत, त्यामुळे फोंड्याच्या स्थानकावर बस बदलून पणजीची गाडी धरायची आणि कंडक्टरला देवळाचे नाव सांगून ठेवायचे. चार देवळे एका दिवसात करायची असतील आणि बरोबर वयस्कर माणसे असतील तर फोंड्यातून दिवसभराची गाडी ठरवणे शहाणपणाचे. मडगावातून ठरवली तर तेवढेच अंतर जास्त पडते.

फातर्प्याच्या शांतादुर्गेला फोंड्याकडे जायचे नसते. ती वाट उलट्या दिशेला, कुंकळ्ळी-बाळ्ळीकडून. जांबावलीच्या दामोदराला केपे बाजूने. नवस फेडायला आलेले लोक ‘शांतादुर्गा’ एवढेच सांगून रिक्षात बसतात आणि कवळ्याऐवजी फातर्प्याला, किंवा उलटे, निघतात. गावाचे नाव सांगायला विसरू नका.

स्टेशनवरून कदंब बसस्थानकावर कसे जायचे? जवळच आहे ना?

जवळ नाही. हा गैरसमज सर्वांत जास्त त्रास देतो. स्टेशन शहराच्या एका टोकाला आणि कदंब स्थानक दुसऱ्या टोकाला, फातोर्ड्याच्या बाजूला. मधे बाजार, पालिकेचा चौक, बाग हे सगळे येते. अंतर तीन-चार किलोमीटर, आणि सकाळी नऊ-दहा किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याला अर्धा तासही लागू शकतो. सामान घेऊन पायी जायचा विचार करू नका.

एकटे असाल आणि पाठीवर एकच पिशवी असेल तर पायलट, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, घ्या. दोघे-तिघे असाल तर रिक्षा. स्थानिक मिनीबस मिळाली तर भाडे नाममात्र, मात्र ती सरळ कदंबला जाते की पालिकेच्या बागेपाशीच संपते हे चढण्यापूर्वी विचारा. बागेपाशी उतरलात तरी बिघडत नाही. तिथून कदंबकडे जाणाऱ्या बसेस सारख्या असतात.

कोलव्याला जाणाऱ्यांनी कदंबपर्यंत जायची गरजच नाही. कोलव्याची बस कदंबहून निघून शहरातूनच जाते, ती बागेच्या परिसरात धरता येते. कोलवा तिथून सहा किलोमीटर.

पणजीला जायला काय चांगले?

कदंबची शटल. मडगाव-पणजी मधे कुठेही न थांबणारी ही बस आहे, साधारण तासाभरात पोचवते. पद्धत अशी : स्थानकावर पणजीचा वेगळा फलाट आहे, तिथे रांग लागते. रांगेतूनच तिकीट आणि रांगेनेच चढायचे. बस भरली की सुटते, पाठोपाठ दुसरी लागते. रांग लांब दिसली तरी घाबरू नये, ती भराभर सरकते. सोमवारी सकाळी मात्र खरोखरच वेळ लागतो, कारण आठवड्याभरासाठी पणजीला जाणारे नोकरदार आणि विद्यार्थी त्याच वेळी येतात.

खाजगी बस कुठ्ठाळीमार्गे जाते आणि हात दाखवेल त्याला घेते. ती स्वस्त नाही आणि लवकरही नाही. वाटेत वेर्णा, कुठ्ठाळी, आगशी यांपैकी कुठे उतरायचे असेल तरच तिच्यात बसावे. जुवारी नदीवरचा नवा पूल २०२२ च्या डिसेंबरात एका बाजूने आणि वर्षभराने दुसऱ्या बाजूने सुरू झाला, त्यानंतर कुठ्ठाळीची ती जुनी कोंडी पुष्कळ सुटली आहे. जुन्या अनुभवावरून दोन तास धरून चालणाऱ्यांनी आता तेवढे धरू नयेत.

शटल रात्री आठच्या सुमारास आटोपते. त्यानंतर काय, ते पुढच्या उत्तरात.

गाडी रात्री पोचते. बस मिळेल का?

नाही असेच समजून चाला. गोव्यातली सार्वजनिक वाहतूक लवकर झोपते. खाजगी बसेस सात-साडेसातला विरळ होतात, गावाकडच्या शेवटच्या बसेस त्याआधीच गेलेल्या असतात. मांडवी एक्स्प्रेस मुंबईहून सकाळी निघून रात्री मडगावला पोचते. ती दोन तास उशिरा आली की शेवटची बस गेलेलीच असते, आणि त्या गाडीने येणाऱ्यांचे हाल त्यामुळेच होतात. तिकीट काढतानाच टॅक्सीचे पैसे हिशेबात धरा, किंवा ती रात्र मडगावात काढून सकाळी पुढे जा. स्टेशनमधल्या विश्रांती कक्षांची नोंदणी ऑनलाइन होते, त्याला पक्क्या तिकिटाचा पीएनआर लागतो. सुट्टीच्या दिवसांत ते आधीच भरलेले असतात.

रविवारी दुपारीही बसेस निम्म्यावर येतात. हे बाहेरच्यांना माहीत नसते.

पायलट म्हणजे काय? ते घेणे सुरक्षित आहे का?

मोटारसायकलवरून एका माणसाला भाड्याने पोचवणारा परवानाधारक चालक. गाडीचे पुढचे मडगार्ड पिवळे असते, ती ओळख. गोव्यात ही सोय जुनी आणि अधिकृत आहे. निघण्यापूर्वी भाडे ठरवा, हेल्मेट मागा. मोठी बॅग पुढे टाकीवर ठेवायला पायलट तयार होतो, पण हँडल नीट वळत नाही. दोन बॅगा असतील तर रिक्षाच घ्या.

रिक्षा आणि टॅक्सीवाले भाडे फार सांगतात. काय करावे?

मीटर चालू करायला कोणी तयार होत नाही हे आधी मान्य करा. मग उपाय तीन. स्टेशनवरच्या प्रीपेड काउंटरवर पावती घ्या. पावतीवर गाडीचा नंबर, ठिकाण आणि रक्कम असते, ती मुक्कामी पोचेपर्यंत चालकाकडे देऊ नका. किंवा गोवा माइल्सच्या ॲपवर दर बघा. मुंबई-पुण्यात चालणारी ओला-उबर इथे नाहीत. किंवा बाहेर पडून भाव करा. टॅक्सीच्या दरात रिकामे परत येण्याचा हिशेब बहुतेकदा धरलेला असतो, त्यामुळे चाळीस किलोमीटरचे भाडे ऐकून मुंबईकराचे डोळे पांढरे होतात. ते भाडे घासाघीस करून थोडे उतरते, निम्मे होत नाही.

एक खबरदारी : ॲपवरची गाडी स्टेशनच्या दारात बोलावण्यापेक्षा चालकाला फोन करून कुठे उभा राहणार ते विचारा. स्थानिक टॅक्सीवाले आणि ॲपवाले यांच्यातला वाद जुना आहे, त्यात तुमचे सामान मधे नको.

स्टेशनबाहेर दुचाकी भाड्याने मिळते. कुठली घ्यावी?

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली. तीच भाड्याने द्यायचा परवाना असलेली गाडी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी शंभर रुपये स्वस्त मिळते आणि पहिल्याच नाक्यावर दंड होतो. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, आधीचे ओरखडे त्यात दिसले पाहिजेत. मूळ आधार कार्ड किंवा लायसन्स तारण ठेवू नका, प्रत द्या.

विमानतळासाठी मडगाव सोयीचे आहे का?

कुठला विमानतळ? गोव्यात दोन आहेत आणि इथे चूक झाली तर विमान जाते. दाबोळी हा जुना, तिकिटावर जीओआय लिहिलेला. मडगावहून पंचवीस-तीस किलोमीटर. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे, तिकिटावर जीओएक्स. तो पेडणे तालुक्यात, राज्याच्या पार उत्तरेला. मडगावहून तिथे जायला दीड ते दोन तास हाताशी ठेवा. मोपाहून विमान असेल आणि रेल्वेने येत असाल तर थिवी किंवा पेडण्याला उतरणेच योग्य. शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो, त्या दिवशी त्या बाजूला आणखी वेळ धरा.

दाबोळीला रेल्वेचे छोटे स्टेशनही आहे, वास्को-कुळे पॅसेंजरच्या वाटेवर. सामान कमी आणि वेळ भरपूर असेल तर ठीक. विमान गाठायचे असेल तर त्या गाडीच्या भरवशावर राहू नये.

पावसाळ्यात वेळा का बदलतात?

कोकण रेल्वे डोंगरातून खोदलेल्या कापांतून आणि बोगद्यांतून जाते. पावसात दरड आणि माती रुळांवर येण्याचा धोका असतो, म्हणून साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत गाड्या मुद्दाम हळू चालवतात. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले की ताशी ४० किलोमीटरवर याव्या लागतात. त्यासाठी वेगळे पावसाळी वेळापत्रक असते. मडगावहून मुंबईकडे सुटणाऱ्या बऱ्याच गाड्या त्या काळात लवकर सुटतात. नेमकी इथेच चूक होते : मे महिन्यात काढलेल्या तिकिटावरची वेळ पाठ करून लोक जुलैत येतात आणि गाडी गेलेली असते. वंदे भारतचे आठवड्यातले दिवसही पावसाळ्यात कमी होतात.

गाडी वळवली असा मेसेज आला. आता?

वळवलेली गाडी पुणे-मिरज-लोंढामार्गे आली, तर ती मडगावात पूर्वेकडून, घाट उतरून शिरते. म्हणजे थिवी आणि करमळी तिच्या वाटेवर येतच नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्याची भिंत कोसळली तेव्हा आणि जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाणी झिरपले तेव्हा असेच झाले होते. थिवीहून चढणार असाल तर मेसेज येताच चौकशी करा आणि वेळ असेल तर मडगाव गाठा. तुमचे स्टेशन गाळले गेले म्हणून प्रवास केला नाही तर टीडीआर, म्हणजे परताव्याचा ऑनलाइन अर्ज, भरून पैसे परत मागता येतात. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल तरीही पूर्ण परतावा मिळतो, पण टीडीआर गाडी तुमच्या स्टेशनवरून सुटण्याआधी भरावा लागतो. नंतर भरला तर अर्ज फेटाळला जातो.

मडगाव दहा किलोमीटरवर आले तरी गाडी अर्धा तास उभी. का?

एकेरी मार्ग. रोहा ते वीर एवढा तुकडा सोडला तर कोकण रेल्वेवर बहुतांश एकच रूळ आहे, त्यामुळे समोरून येणारी गाडी स्टेशनात आल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वेळेवर असलेल्या गाडीचे क्रॉसिंग आधी ठरलेले असते. उशीर झालेली गाडी त्या हिशेबातून बाहेर पडते आणि प्रत्येक ठिकाणी तिलाच बाजूला घेतात. म्हणून रत्नागिरीला चाळीस मिनिटे उशिरा असलेली गाडी मडगावला दीड तास उशिरा येते. घ्यायला येणाऱ्या माणसाला करमळी सोडल्यावर फोन करा, आधी नको.

तिकिटावरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त का, हाही याच जातीचा प्रश्न. कोकण रेल्वेच्या हद्दीत, म्हणजे रोह्यापासून पुढे, बांधकामाचा खर्च भरून काढण्यासाठी प्रवासी भाड्यासाठी अंतर ४० टक्के वाढवून धरतात. चूक नाही, नियम आहे.

मडगावहून तिकीट, पण चढणार थिवीला. चालेल?

बोर्डिंग स्टेशन बदलून घेतले तर चालेल. ऑनलाइन तिकिटाला गाडी सुटायच्या आधी ठरलेल्या मुदतीत ते बदलता येते. न बदलता थिवीला चढलात तर टीसीने मडगावला तुम्हाला गैरहजर मांडून बर्थ दुसऱ्याला दिलेला असू शकतो, आणि तो वाद तुम्ही हरता. बदलल्यानंतर मात्र मडगावहून चढायचा हक्क राहत नाही.

प्रतीक्षा यादीबद्दल एवढे लक्षात ठेवा : कोकणकन्या, मांडवी, जनशताब्दी, वंदे भारत या गाड्या मडगावातूनच सुटतात, त्यांची यादी बरी सरकते. नेत्रावती किंवा मत्स्यगंधा दक्षिणेकडून भरून येतात, तिथे मडगावच्या वाट्याला जागा थोड्या. त्यात वीसच्या पुढचा नंबर असेल तर दुसरी सोय बघा.

पुणे, बेळगाव, कोल्हापूरला थेट गाडी?

वास्कोहून निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्स्प्रेस मडगावला थांबते आणि बेळगाव, मिरज, पुणे अशी जाते. कोल्हापूरकरांनी मिरजेला बदलायचे. त्यापेक्षा बस सोपी.

दूधसागरला रेल्वेने जाता येते का?

कुळेपर्यंत. तिथून वनखात्याच्या हद्दीतून जीप जातात, साधारण ऑक्टोबरपासून पाऊस सुरू होईपर्यंत. पावसाळ्यात, म्हणजे धबधबा ऐन भरात असतो तेव्हा, जीप बंद. तेव्हा रुळांवरून चालत जायचा मोह होतो. त्यावर बंदी आहे, रेल्वे पोलीस पकडतात आणि दंड करतात. कुळे ते कॅसलरॉक घाटाचा चढ १:३७ आहे, गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. अशा वळणाच्या, बोगद्यांच्या वाटेवर गाडी आली तर बाजूला सरायला जागा नसते. धबधबा बघायचाच असेल तर दिवसा घाटातून जाणारी गाडी धरा आणि खिडकीतून बघा.

बॅगा ठेवून शहरात फिरता येईल का?

क्लोकरूममध्ये. बॅगेला कुलूप हवे, नसेल तर घेत नाहीत. चेनला लावायचे छोटे कुलूप बरोबर ठेवा. तिकीट आणि ओळखपत्र दाखवावे लागते. दुपारी एक ते साडेतीन-चार बाजारातली बरीच दुकाने बंद असतात, तेव्हा खरेदी सकाळी किंवा चारनंतर. कार्तिकात मडगावच्या हरिमंदिराची दिंडी असते, त्या रात्री शहरातले मुख्य रस्ते गाण्याच्या बैठकांनी आणि माणसांनी भरलेले असतात. गाणे ऐकायला थांबा जरूर, पण रात्रीची गाडी असेल तर स्टेशनच्या बाजूलाच राहा. रिक्षा मधून जाऊ शकत नाही.

दुचाकी रेल्वेने पाठवायची आहे.

त्याच गाडीने तुम्ही जाणार असाल तर ‘लगेज’, नाहीतर ‘पार्सल’. आरसी, विमा आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात. टाकी पूर्ण रिकामी हवी. थोडे पेट्रोल राहिले आणि वास आला तर पार्सल कार्यालय गाडी परत पाठवते. आरसे काढून ठेवा, हेडलाइट, टाकी आणि इंडिकेटरवर गोणपाट गुंडाळून घ्या, गाडीवर कुठून कुठे ते ठळक लिहा. लगेज केले तरी डब्यात जागा नसेल तर दुचाकी मागच्या गाडीने येते, त्यामुळे उतरल्याबरोबर तिच्यावर बसून निघायचा बेत नको.

परत जाताना बाटल्या नेल्या तर?

‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असे ज्या बाटलीवर छापले आहे ती परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणे गुन्हा आहे. तपासणी स्टेशनवरही होते आणि सिंधुदुर्गात गाडीतही होते. काजू, कोकम, खाजे बिनधास्त न्या.